मदत हवी आहे: आश्विन-कार्तिकात सलग ऐकता येतील असे प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम

नमस्कार मंडळी,

साधारण नवरात्र संपल्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत ऐकता येतील असे प्रोग्रेसिव्ह रॉकचे (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताचे) अल्बम मला हवे आहेत. शरदासाठी म्हणून सुचवलेल्या याद्या शोधल्यावर पुष्कळ मिळतात. परंतु त्या बहुतेक सगळ्या धुके, ओली पाने, लवकर मावळणारा दिवस आणि पेटवलेली शेगडी यांवरच बेतलेल्या असतात, आणि मी राहतो अमळनेर तालुक्यात. इथे त्या दिवसांत पाने गळत नाहीत. सातपुड्यातला साग उघडा पडतो तो माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आणि रावेर-यावलकडच्या केळीला तर पानगळ ठाऊकच नाही. आमच्या शरदात दुपारचे ऊन भाजून काढते, आभाळ स्वच्छ निळे असते, रात्री अंगणात खाट टाकली तर पहाटे गोधडी ओढून घ्यावी लागते, आणि शिवारात जिकडेतिकडे कापूस फुटलेला असतो. या ऋतूला शोभेल असे काय ऐकावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आतापर्यंत काय ऐकले ते सांगतो, म्हणजे सुचवणाऱ्यांचा वेळ वाचेल. अशा प्रत्येक यादीत जेनेसिसचा ‘विंड अँड वदरिंग’ असतोच. १९७६च्या शरदात हॉलंडमध्ये ध्वनिमुद्रित होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेटचा त्या बँडबरोबरचा तो शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. त्यातल्या ‘ब्लड ऑन द रूफटॉप्स’च्या आरंभी हॅकेट नायलॉनच्या तारांची गिटार एकट्याने वाजवतो, तो भाग मी कितीही वेळा ऐकू शकतो, मात्र गाणे सुरू झाले की आपण थेट करड्या आभाळाखालच्या एका इंग्रजी घरात, टीव्हीपुढे जाऊन बसतो. अल्बम उत्तम आहे, पण माझ्या अंगणात तो परका वाटतो.

किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरात आला. त्यातले ‘आय टॉक टू द विंड’ आणि त्यातली इयन मॅकडोनाल्डची बासरी आमच्याकडच्या संध्याकाळी इतकी चपखल बसते की हे इथेच सुचले असावे असे वाटते. पण लगेच पुढचे ‘एपिटाफ’ लागते, आणि घरात फराळाची तयारी चाललेली असताना जगबुडीचे ते गाणे लावण्याचे धाडस मला होत नाही. कॅमलचा ‘द स्नो गूज’ (१९७५) मला फार जवळचा आहे. तो संपूर्ण वाद्यसंगीताचा असल्यामुळे शब्द आड येत नाहीत. कथा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या दलदलीतली असली तरी हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी उतरू लागले की तो आपसूक आठवतो.

एवढ्यावरून माझी आवड ध्यानात यावी. बासरी, बारा तारांची गिटार आणि मेलोट्रॉन (ध्वनिमुद्रित फितींवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य) हवेत. ड्रम कमी असले तर अधिक बरे. गुरगुरत्या आवाजातले गायन नको. भाषेची अट अजिबात नाही, कारण इंग्रजी तरी कुठे सगळी कळते? अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपणारा असावा. त्याहून लांब असेल तर मधेच वीज जाण्याचा संभव असतो.

आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे वेचणीचा कापूस घरातच, पुढच्या खोलीत रचतात, आणि मनासारखा भाव येईपर्यंत तो तिथेच राहतो. माझे स्पीकर त्याच खोलीत आहेत. ढीग कमरेपर्यंत आला की आवाजाचा पोत बदलतो: झांजांची किणकिण बोथट होते, बासरीतला फुंकरीचा श्वास ऐकू येईनासा होतो, आणि बेस मात्र आहे तसाच राहतो. मला जे सूर सर्वांत प्रिय तेच नेमके कापूस पिऊन टाकतो. अशा खोलीत कोणते अल्बम तग धरतील, आणि ऐकण्याची काही वेगळी व्यवस्था करता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

आगाऊ आभार.

प्रतिसाद, जळगावहून

भाऊ, आपला प्रश्न आवडला. आधी आपल्या वर्णनाला सर्वांत जवळचा अल्बम सांगतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हार्मोनियम नावाचा एक फ्रेंच गाणारा बँड होता (होय, नाव हेच). त्यांचा १९७५चा दुसरा अल्बम ऋतूंवरच रचलेला आहे: पहिली चार गाणी वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा यांची, आणि शेवटची सुमारे सतरा मिनिटांची शब्दांविना रचना एका कल्पित पाचव्या ऋतूची. सहा ऋतू मोजणाऱ्या आपल्याला पाचव्याचे अप्रूप वाटायला नको, पण ती रचना खरोखरच अप्रूपाची आहे. ड्रम त्यात जवळजवळ नाहीतच. बासरी, क्लॅरिनेट, बारा तारांची गिटार आणि मेलोट्रॉन यांवर सगळा भार आहे. शरदाचे गाणे ‘दप्वी लोतोन’ सुमारे दहा मिनिटांचे आहे. त्यात उदासी आहे, मात्र ती धुक्यातली नसून लख्ख उजेडातली आहे, आणि माझ्या मते आपण शोधता आहात ते हेच.

कोजागिरीसाठी कॅमलचाच ‘मूनमॅडनेस’ (१९७६) राखून ठेवा. ‘स्नो गूज’ आवडणाऱ्याला तो आवडणारच. ‘एअर बॉर्न’मधली बासरी आणि शेवटचे ‘लूनर सी’ यांसाठी गच्ची, चांदणे आणि आटवलेले दूध याखेरीज काही लागत नाही. इटालियनपैकी चेलेस्ते या बँडचा ‘प्रिंचिपे दी उन जोर्नो’ (१९७६) ऐका. बासरी आणि मेलोट्रॉन यांचे इतके हळुवार मिश्रण मी दुसरीकडे फारसे ऐकलेले नाही. जेनेसिसमधून १९७० साली बाहेर पडलेल्या अँथनी फिलिप्सचा ‘द गीज अँड द घोस्ट’ (१९७७) हा बारा तारांच्या गिटारीचा खजिनाच आहे. गुरगुरणे नको म्हणता, तरीही स्वीडनच्या ओपेथचा ‘डॅमनेशन’ (२००३) वगळू नका. एरवी तो बँड त्याच आवाजासाठी ओळखला जातो, पण या अल्बममध्ये तो आवाज कुठेही नाही. फक्त तो दिवाळी उलटल्यावर ऐकावा, कारण मनःस्थिती फारच काळोखी आहे.

आता थोडे वेगळे सुचवतो. जेथ्रो टलच्या ‘हेवी हॉर्सेस’ (१९७८) या अल्बमचे शीर्षकगीत शेतात राबणाऱ्या, ट्रॅक्टर आल्यामुळे बाजूला पडत चाललेल्या जड बांध्याच्या घोड्यांवर आहे. इयन अँडरसनची बासरी आहेच, शिवाय या गाण्यात डॅरिल वे याचे व्हायोलिन आहे. सुमारे नऊ मिनिटांचे हे गाणे ड्रमच्या बाबतीत आपली अट मोडते, हे कबूल. पण ज्याच्या गावात पोळ्याला मिरवायला बैलजोड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त अशी स्थिती आहे, त्याला ते इंग्रजी वाटणार नाही. धुक्यापेक्षा शेतीच्या वाटेने गेलात तर हे संगीत आपल्याकडे लवकर पोहोचते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, धुळ्याहून

अल्बमांबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त आवाजाविषयी लिहितो. आपण जे ऐकता तो भास नाही. मोकळ्या तंतूंच्या ढिगात हवा खेळती असते, आणि ध्वनिलहर आत शिरली की घर्षणाने तिची ऊर्जा उष्णतेत जिरते. उंच स्वरांच्या लहरी आखूड असल्यामुळे त्या लवकर जिरतात, खर्जाच्या लहरी लांब असल्यामुळे बऱ्याच अंशी तशाच राहतात. त्यामुळे स्पीकर ढिगाकडे तोंड करून ठेवू नका, कोपऱ्यातून बाहेर काढा आणि बसण्याच्या जागेजवळ आणा, म्हणजे भिंतींवरून येणाऱ्या आवाजापेक्षा थेट आवाज अधिक मिळेल. ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांचा आवाज, किंचित वाढवायला हरकत नाही.

मेलोट्रॉनची चिंता करू नका. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फितीचा तुकडा असतो, तो सुमारे आठ सेकंद वाजतो आणि संपतो. मुळातच तो सूर थोडा थरथरता आणि मऊ आहे, कापसाच्या खोलीत त्याचे फारसे बिघडत नाही. बासरी आणि बारा तारांची गिटार मात्र हेडफोनवर किंवा गच्चीवरच ऐकावी.

एक महत्त्वाची सूचना: अ‍ॅम्प्लिफायर त्या खोलीत ठेवूच नका. कापसाचे तंतू त्याच्या हवेच्या जाळीत बसतात, यंत्र तापते, आणि सुक्या कापसाशेजारी तापलेले यंत्र असणे हे संगीतप्रेमाच्या पलीकडचे धाडस आहे. वायर लांब घ्या आणि यंत्र मधल्या खोलीत हलवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अ‍ॅम्प्लिफायर लगेच हलवतो; तो धोका माझ्या डोक्यातच आला नव्हता. हार्मोनियमपासून आरंभ करीन आणि ‘मूनमॅडनेस’ पौर्णिमेपर्यंत राखून ठेवीन. एकच शंका उरते: कॅमलने २०१३ साली ‘स्नो गूज’ पुन्हा ध्वनिमुद्रित केला आहे. माझ्याकडे जुना आहे. गच्चीवर ऐकण्यासाठी नवा घेण्यात काही अर्थ आहे का?

प्रतिसाद, जळगावहून

नव्याचे ध्वनिमुद्रण अधिक स्वच्छ आहे आणि काही भाग विस्ताराने वाजवलेले आहेत, म्हणून एकदा ऐकण्याजोगा नक्कीच आहे. पण कीबोर्डवर पीटर बार्डन्स आणि ड्रमवर अँडी वॉर्ड हवे असतील तर १९७५चाच ठेवा. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि लावला जातो तो जुनाच.