नवा लॅपटॉप, जुना व्हीजीए मॉनिटर आणि लॅन केबल: अडॅप्टर कोणतं घेऊ?

सेवाकेंद्र_ताई (दिग्रस तालुका)
नमस्कार. गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. जुना डेस्कटॉप बंद पडला, म्हणून लॅपटॉप घेतला. त्याला दोन टाइप-सी पोर्ट आणि एकच साधा यूएसबी. साध्यात अंगठ्याचं मशीन, एका टाइप-सीत चार्जर. एचडीएमआय नाही, लॅनचा पोर्टही नाही.

१९ इंची जुना मॉनिटर मला जोडायचाच आहे. तो मी शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवते. पीकविम्याचा अर्ज भरताना गट नंबर, खाते क्रमांक, नाव तो स्वतः वाचतो, मगच मी सबमिट करते. गेल्या हंगामात एका बाबाजींनी खात्याचा चुकलेला आकडा स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला. तो अर्ज तसाच गेला असता तर? मॉनिटरला फक्त निळा व्हीजीए आहे.

यवतमाळहून टाइप-सी ते व्हीजीए अडॅप्टर आणलं, रिकाम्या पोर्टात लावलं, तर ‘नो सिग्नल’. शिवाय नेट ग्रामपंचायतीतून ४० मीटर केबलने येतं. वायफाय भिंतीपलीकडे टिकत नाही. पीकविम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत हे लावायचं आहे.

वायरमन_पुसद
ताई, अडॅप्टर लगेच परत करू नका. सगळे टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर देत नाहीत, दिसायला मात्र सारखेच असतात. पोर्टाशेजारी इंग्रजी डी आणि पी एकात एक गुंफलेली खूण किंवा विजेची खूण आहे का पाहा. डी-पीची खूण म्हणजे डिस्प्लेपोर्ट, वीज बहुतेक वेळा थंडरबोल्टची. दोन्हींतून चित्र निघतं. नुसतं ‘एसएस’ असेल तर बहुधा फक्त डेटा. काही कंपन्या खूण छापतच नाहीत, मग मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ शब्द शोधा. आत्ता चार्जर काढून त्या पोर्टात अडॅप्टर लावून बघा.

सेवाकेंद्र_ताई
दादा, चित्र आलं! खूण चार्जरच्याच पोर्टाला आहे, दुसऱ्याला नुसतं ‘एसएस १०’. पण आता चार्जर कुठे लावू? दिवसभर बॅटरी पुरणार नाही.

वायरमन_पुसद
म्हणजे चार्जिंग आत घेणारं अडॅप्टर लागेल. त्यावर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं असतं: व्हीजीए, एक साधा यूएसबी आणि चार्जरसाठी टाइप-सी, तिन्ही एकात. चार्जरच्या वॅटइतकं तरी ते झेपायला हवं. थोडी वीज ते स्वतः खातं, त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरवर चार्जिंग जरा हळू होईल, पण होईल.

कापूसवाला_वणी
ताई, लॅन त्याच डब्यात नका घेऊ. डबा बिघडला तं स्क्रीन बी गेली न् नेट बी. तुमचा दुसरा पोर्ट डेटाचा हाय न, त्याले टाइप-सी ते लॅन वेगळं घेजा. गिगाबिटवालं पाहजा, रिअलटेकची आरटीएल ८१५३ चिप असली तं विंडोज बहुतेक आपोआप वळखते. माया मुलाच्या लिनक्सवर बी चालून रायलं. ४० मीटरची चिंता नाही, केबल १०० मीटरलोक चालते. पन केबल बाहेरून ओढली असन तं मृगात ईज कडाडली का लॅपटॉपातून लॅनची पिन काढत जा. माया राउटर असाच जळला.

सेवाकेंद्र_ताई
केबल बाहेरूनच आहे, कौलावरून. पिन काढायचं आजपासून लक्षात ठेवते. दोन्ही वेगळंच घेते.

वायरमन_पुसद
अजून एक. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, ‘डुप्लिकेट’ नको. मॉनिटरवर फक्त समोर बसलेल्या माणसाचा अर्ज सरकवा. आधीच्याचं आधार कार्ड तुमच्याच स्क्रीनवर राहील.

सेवाकेंद्र_ताई
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डेस्कटॉपवर आजवर दोन्हीकडे सगळं सारखंच दिसायचं, मागच्या माणसाचा कागदसुद्धा. शनिवारी यवतमाळला जाते, लॅपटॉप सोबत नेते आणि दुकानातच लावून बघते.