मुलांचं नैराश्य आणि गोळ्या : तुमचे अनुभव लिहा

‘गोळी सुरू करू या’ असं डॉक्टर म्हणाले की घरात पहिला प्रश्न येतो, सवय लागेल का? ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी लिहा. औषध किंवा डोस सुचवू नका, घडलं तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

लेक चौदाची. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध ठरलं आणि त्यावरचा काळ्या चौकटीतला इशारा वाचून मी रात्रभर जागी. डॉक्टरांनी फोड करून सांगितलं. 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुलांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत 4 टक्के, खोटी (औषध नसलेली, तुलनेसाठी दिलेली) गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नाही. म्हणून पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहायचं. गोळ्यांची पट्टी माझ्याकडे, कुलपात. पाचव्या आठवड्यात तिने आपणहून केस धुतले. बाथरूममधल्या पाण्याचा आवाज ऐकत मी दाराबाहेर उभी होते.

एक बाबा : मुलगा सोळाचा. गोळी सुरू झाल्यावर आठवड्याभरात पाय स्थिर नाहीत, रात्री दोनला कपाट आवरतोय. आम्ही खूश, गुण आला! कसला गुण. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, डोस उतरवला आणि घराण्यात कुणाला बायपोलर (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह असा आजार) आहे का, हे पुन्हा खोदून विचारलं. आधी आम्ही ‘नाही’ म्हणालो होतो. काकांचं आजारपण आमच्याकडे कुणी बोलतच नाही ना.

तेव्हाची पेशंट : बरं वाटलं म्हणून परीक्षा संपल्यावर सर्ट्रालीन (हीही नैराश्यावरचीच गोळी) एकदम सोडली. चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट. हे व्यसन नव्हे, हळूहळू न सोडल्याचा परिणाम. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात म्हणे. हे सांगितलं होतं, पण बाबांना. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

एक आई : आमच्याकडे गोळी आणि थेरपी दोन्ही. गोळीने तो अंथरुणातून उठला, उठून काय करायचं ते थेरपीत शिकला. टॅड्स या किशोरवयीनांच्या नैराश्यावरच्या अमेरिकी अभ्यासात (439 मुलं-मुली, 12 आठवडे) दोन्ही मिळून 71 टक्के सुधारले, नुसत्या फ्लुओक्सेटीनवर 61. खोट्या गोळीवरही 35, हे वाचून नवरा म्हणाला, मग खोटीच देऊ!

नवीन आई : चौथा दिवस. सकाळी पोट दुखतं म्हणतो. कुणाला अनुभव?

एक बाबा : आम्हाला खाऊन झाल्यावर द्यायला सांगितलं होतं. दोनेक आठवड्यांत थांबलं. तरी फोन करून विचारा, आजच.