मदत हवी आहे: इंदूरची ऑक्टोबरची हवा अंगाला लागेना

नमस्कार मंडळी, ९ वर्षं कॅनडात विनिपेगला काढून गेल्या महिन्यात इंदूरला परत आलोय, राजवाड्याजवळच. तिकडे ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो आणि इथे दुपारी ३२, पंख्याखालीही मुलगा घामाने भिजतो, अन् रात्री माळव्याचं पठार म्हणून गारवा पडतो तर त्याला पांघरूण नकोच, सकाळी मग शिंका सुरू. आई म्हणते कानटोपी घाल!! सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला गेलो तर सगळे स्वेटरमध्ये आणि मी एकटा हाफ पँटमध्ये, लोक बघत होते. बाहेरून आलेल्यांनो, सवय व्हायला किती दिवस लागले? रात्री पंखा चालू ठेवता की बंद? आणि शाळेत पाठवताना काय घालता?