मदत हवी आहे: पर्सनल ट्रेनरसोबत पहिलंच सत्र, दोन दिवसांनी कोपरं सरळ होईनात

कोपर_अडलंय
वय ३४, बैठं काम, चारेक वर्षं व्यायाम बंद. परवा संध्याकाळी पर्सनल ट्रेनरसोबत पहिलं सत्र झालं, ५० मिनिटांचं. काय करून घेतलं ते जसंच्या तसं देते:

स्क्वॉट, वजनाशिवाय, २० चे ५ सेट
लंजेस, दोन्ही पायांना १२-१२, ३ सेट
चिन-अप जमत नव्हते म्हणून स्टुलावर चढून बार धरायचा आणि सावकाश खाली यायचं, ८ चे ५ सेट
शेवटी डंबेल कर्ल, हात उचलेनासा होईपर्यंत, तीनदा

काल पायऱ्या उतरताना मांड्या बोलत होत्या, ते समजू शकते. आज मात्र कोपरं सरळ होत नाहीत आणि पुरती मिटतही नाहीत. दात घासायला ब्रश तोंडाकडे जात नाही, तोंड ब्रशकडे न्यावं लागतंय. ट्रेनर म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलंय, उद्या सकाळी या, पुन्हा तेच केलं की मोकळं होईल.

उद्या जाऊ का? वेदनाशामक गोळी चालेल का? आणि हे नेहमीचं दुखणं की वेगळं काही, ते ओळखायचं कसं?

स्नायूपुराण
उद्या जाऊ नका. बाकीचं नंतर.

लॅक्टिक ॲसिडची कथा जिममध्ये पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होतं. दोन दिवसांनी दुखतं ते त्याने नव्हे. हे उशिराचं दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत कळस गाठतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. स्नायूतलीच काहीतरी फाटाफूट असणार, हे थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडलं होतं.

तुमच्या यादीत खरा गुन्हेगार स्टूल आहे. स्नायू आखडत वजन उचलतो तेव्हा त्याला कमी इजा होते. वजन पेलत असताना लांबत जातो तेव्हा जास्त. चिन-अपमध्ये वर जाणं जमत नसेल, तर खाली येताना पूर्ण शरीराचं वजन दंडाच्या पुढच्या स्नायूवर येतं, आणि तो त्या वजनाखाली ताणला जातो. हे ४० वेळा झालं, आणि वर कर्ल. मांड्या निदान रोज जिने उतरतात, त्यांना या प्रकाराची थोडी सवय असते. दंडांना अजिबात नसते. म्हणून १०० स्क्वॉट करूनही पाय सावरतायत आणि हात अडकलेत.

ओपीडीनंतर
वरचं बरोबर आहे, पण आधी पाच गोष्टी सांगा.

१. सत्रानंतर लघवीचा रंग कसा आहे? फिकट, गडद पिवळा, की कोऱ्या चहासारखा?
२. दंडाला सूज आहे का? टेपने दोन्ही दंड कोपराच्या १० सेंमी वर मोजा.
३. दुखणं बाजूला ठेवून, ताकद किती उरली आहे? पाण्याची भरलेली बाटली एका हाताने ओठांपर्यंत जाते का?
४. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, नुकताच आलेला ताप, त्या दिवशी उपास, उकाडा किंवा मद्य, यांपैकी काही?
५. आतापर्यंत कुठली वेदनाशामक गोळी घेतली का?

कोपर_अडलंय
लघवी फिकट पिवळी. डावा दंड २९.५, उजवा २८. एरवी दोन्ही २७ च्या आसपास असतात. बाटली अर्ध्यावर थांबते, दुसऱ्या हाताचा आधार लागतो. औषधं नाहीत, ताप नाही. गोळी अजून घेतलेली नाही.

ओपीडीनंतर
मग आजच रक्त तपासा, उद्यावर ढकलू नका. लघवी फिकट आहे हे चांगलं, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. साध्या दुखण्यात हात दुखतो, पण नेटाने वर जातो. तुमचा सुजला आहे आणि ताकद गेली आहे.

शंका ऱ्हॅब्डोमायोलिसिसची आहे. स्नायूंच्या पेशी फुटून आतला ऐवज रक्तात उतरतो. त्यातलं मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांना जाचतं आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडू शकते. हा प्रकार जगासमोर नीट आला तो १९४१ मध्ये, लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रुग्णांमुळे. पण ढिगारा लागतोच असं नाही, सवय नसलेला अतिरेकी व्यायामही पुरतो.

डॉक्टरांना ही यादी दाखवा: सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, काही लॅब नुसतं सीके लिहितात), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं), पोटॅशियम, लघवीची रुटीन तपासणी. लघवीच्या पट्टीवर रक्त 'पॉझिटिव्ह' आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मात्र नाहीत, असं आलं तर ते मायोग्लोबिन समजा. आणखी एक गंमत: एसजीओटी, एसजीपीटी या यकृतासाठी करतात त्या तपासण्या केल्या तर तेही वाढलेलं दिसेल. ते यकृतातून नाही, स्नायूंतून आलेलं असतं. व्यायामाचं सांगितलं नाही तर सगळे काविळीच्या मागे लागतात.

गोळी: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. ज्या मूत्रपिंडाला आपण जपतोय त्याचाच रक्तपुरवठा ती कमी करतात. अगदीच लागली तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेत.

पाणी: दिवसभर विभागून, लघवी फिकट राहील इतपत. घाबरून दोन तासांत चार लिटर ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरतं आणि नवीनच दुखणं उभं राहतं.

लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा फारच कमी झाली, छातीत धडधड, उलट्या, गुंगी आली, तर रांग न लावता थेट आपत्कालीन विभागात. दंड दगडासारखा घट्ट झाला, बोटं बधिर पडली, किंवा दुसऱ्याने हात सरळ करताच असह्य कळ आली तर तसंच. स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढल्याची ती खूण असते आणि तिथे काही तासांचाच अवधी मिळतो.

हळूहळू_चला
एक शंका. हलकी हालचाल केली की बरं वाटतं ना? मग पूर्ण विश्रांती कशाला?

स्नायूपुराण
पायांसाठी खुशाल. सपाटीवर १५-२० मिनिटं चालणं, बस. त्याने दुखणं तेवढ्यापुरतं बोथट होतं, स्नायू लवकर भरून येत नाही. हातांना मात्र वेदना सुरू होईल तिथपर्यंतच मिटा-उघडा, पुढे ढकलायचं नाही. दाराची चौकट धरून हात 'सोडवायचा' प्रयत्न करणारे आधीच ताणलेल्या धाग्यांना आणखी ताणतात. जोरकस मालीश नको, मसाज गन तर मुळीच नको.

कोपर_अडलंय
काल संध्याकाळचा रिपोर्ट: सीपीके ५,८४०. क्रिएटिनिन ०.८, पोटॅशियम ४.३, लघवी स्वच्छ. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलंय, पाणी पीत राहा, दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्या म्हणाले. रिपोर्टवरची कमाल मर्यादा २०० च्या आत आहे, आकडा बघूनच घाम फुटला.

ओपीडीनंतर
आकडा एकटा वाचू नका. कमाल मर्यादेच्या पाचपट, म्हणजे साधारण १,००० च्या वर गेलं की ऱ्हॅब्डोचा विचार सुरू होतो हे खरं. पण दंडांच्या अशा व्यायामानंतर काही हजारांचा सीपीके मूत्रपिंडाला धक्का न लावताही दिसतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवी ठीक असणं इथे जास्त मोलाचं.

दुसरा रिपोर्ट वाढून आला तर हबकू नका. दंडांचा सीपीके बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशी शिखरावर जातो, म्हणून तर एका तपासणीवर भागत नाही. उतरायला लागला की निम्मा व्हायला साधारण दीड दिवस लागतो. आधी दुखणं कमी होईल, आकडा मागून उतरेल. हात हलका वाटला म्हणून डंबेलला हात लावू नका.

चौथा_सेट_नको
परतायचं कधी, याबद्दल. तीन अटी: कोपर दोन्ही बाजूंना पूर्ण हलतं, दाबल्यावर दुखत नाही, आणि डॉक्टर सीपीके बघून हो म्हणालेत. घाईने दोन अटींवर जाणारे बरेच असतात.

पहिल्या सत्रात पाच-सहा व्यायामप्रकार, प्रत्येकी एकच सेट, १० ते १२ रेप्स (म्हणजे तितक्या वेळा). वजन असं निवडा की थांबताना अजून चार सहज झाल्या असत्या. तिसऱ्या सत्रापासून दोन सेट. आठवड्यात दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तास. दंडांसाठी स्टूल आणि निगेटिव्ह (वजन पेलत सावकाश खाली येणं) निदान सहा आठवडे बाद. केबल ओढून खाली आणायचं यंत्र किंवा बसून रोइंग चालेल, वजन सोडताना मुद्दाम सावकाश करायची गरज नाही. स्क्वॉट १०० नाही, १० चे २.

एवढं कमी करून काय होणार, असं वाटेल. स्नायूला एकदा थोडी ओळख झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने तो खूप कमी दुखावतो. ही ओळख हलक्या डोसनेही होते, त्यासाठी हात अडकवून घ्यावे लागत नाहीत.

ट्रेनर लगेच बदलायलाच हवा असं नाही. पण पहिल्या सत्राआधी औषधं, जुनी दुखणी, व्यायाम किती दिवस बंद होता, हे विचारलं होतं का? वजन आणि रेप्स वहीत उतरवल्या होत्या का? नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी हात उचलेनासा होईपर्यंत नेणं ही माझ्या मते चूकच, दमवलं म्हणजे शिकवलं असं नाही. हा निरोप पाठवून बघा:

'दंडांना सूज आहे, सीपीके ५,८४० आलाय. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सत्रं पुढे ढकलूया. परत सुरू करताना प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, चार रेप्स शिल्लक ठेवून, आणि निगेटिव्ह नकोत. जमेल का?'

यावर 'रिपोर्ट पाठवा, तसा प्लॅन बदलतो' असं उत्तर आलं तर पुढे जा. 'असं होतंच पहिल्यांदा' एवढंच आलं तर उरलेल्या सत्रांचे पैसे परत मागा.

कोपर_अडलंय
निरोप पाठवला. औषधांबद्दल काही विचारलं नव्हतं आणि वही तर नव्हतीच. परवाचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.