तेरा माणसांचा कारखाना: कामगारांना पगाराशिवाय काय द्यावं? सल्ला हवाय

फराळवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. अंबडला माझा फराळाचा छोटा कारखाना आहे. चकली, शेव, चिवडा, भाजणी. नऊ बायका आणि चार पुरुष. पगार साडेतेरा ते अठरा हजार, सरासरी पंधरा धरा. दिवाळीआधी दीड महिना आणखी नऊ बायका येतात. महिन्याला साधारण २,४०० किलो माल निघतो.

आजवर दिवाळीला एक पगार, मागेल त्याला उचल, घरातल्या लग्नाला साडी-शर्टपीस असं चाललं होतं. मला वाटायचं, आपण पुष्कळ करतो. मग मागच्या आठवड्यात चकलीच्या कढईवरच्या मावशी गेल्या. सात वर्षं होत्या. घाणा कधी काढायचा हे त्या तेलाकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायच्या. जवळच्याच एका कंपनीत पॅकिंगला लागल्या, तेही पाचशे रुपये कमी पगारावर. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ताई, तिथं कार्ड आहे."

कार्ड म्हणजे ईएसआयचं, कामगारांच्या सरकारी विम्याचं. त्यांचं म्हणणं कळलं मला. श्रावणात एकीच्या मनगटावर तेल उडालं होतं. दवाखान्याचे ८,४०० मी भरले, पण ती सतरा दिवस घरी होती आणि मी तिला अर्धाच पगार दिला. ते अजून टोचतंय.

महिन्याला २५ हजार बाजूला काढायची तयारी आहे. विमा घेऊ, पीएफ सुरू करू, की सरळ पगारच वाढवू? ज्यांचे छोटे कारखाने आहेत त्यांनी अनुभव सांगा.

चहाटळ

दिवाळीला प्रत्येकीला मिक्सर द्या. वर्षभर नाव काढतील.

फराळवाली_नाशिक

तीन वर्षांपूर्वी दिला होता. दोघींनी भाऊबीजेच्या आत विकला. :)

हिशोबनीस

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी सातपूर-अंबडच्या लहान युनिटांची पगारपत्रकं सांभाळतो, हे रोज बघतो. तुम्ही "काय देऊ" विचारताय, पण यातलं निम्मं तुमच्या मर्जीवर नाहीच.

ईएसआय दहा माणसांपासून लागतो. तुमची तेरा आहेत, आणि सगळ्यांचे पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे सगळे त्यात बसतात. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. तुमच्या १,९५,००० पगारावर तुमचा वाटा ६,३३८ रुपये. एवढ्यात कामगाराला आणि घरच्यांना उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, कामावर इजा झाली तर ९० टक्के आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा. हे पैसे ईएसआयचं महामंडळ देतं, तुमच्या गल्ल्यातून जात नाहीत. तुमच्या मनगट भाजलेल्या बाईंना त्या सतरा दिवसांचे पैसे तुम्ही दिले त्याहून जास्त मिळाले असते.

पीएफ वीस माणसांपासून. तुम्ही म्हणाल, मी तर तेराच. पण दिवाळीचे नऊ मिळवा, बावीस झाले. अचानक अडचण आली म्हणून चार दिवस बोलावलेली माणसं वेगळी. दरवर्षी ठरवून दीड महिना घेता, तो तुमच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे, अधिकारी ती डोकी मोजणार. आणि एकदा पीएफ लागू झाला की नंतर माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. हे कागद घेऊन कुणा जाणत्याला लगेच दाखवा.

आता मुख्य प्रश्न. त्या मावशींना ग्रॅच्युइटी दिलीत का?

फराळवाली_नाशिक

ग्रॅच्युइटी? त्या स्वतःहून सोडून गेल्या हो. मी काढलं नाही.

हिशोबनीस

इतकी वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम ती. स्वतःहून गेल्या तरी लागते. आस्थापनेत दहा माणसं आणि सलग पाच वर्षं नोकरी, एवढं पुरे. हिशोब सोपा आहे: शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. त्यांचा पगार किती होता?

फराळवाली_नाशिक

सोळा हजार.

हिशोबनीस

मग ६४,६१५ रुपये. तीस दिवसांत द्यायचे, नंतर व्याज चढतं. ही देणगी नाही ताई, देणं आहे.

लेथमास्तर

भोसरीत माझं जॉबवर्कचं शॉप आहे, सतरा माणसं. हिशोबनीसांचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. ईएसआयचं कार्ड हातात दिलं म्हणजे काम झालं असं नाही. माझ्याकडे पहिली दोन वर्षं कोणी वापरलंच नाही. कारण शोधलं तर नोंदणी करताना आमच्या मुलाने सगळ्यांना कारखान्याजवळचा दवाखाना टाकून ठेवलेला. माणसं राहतात चिखलीत, देहूरोडला. ताप आलेल्या पोराला घेऊन कोण बस बदलत येणार? दवाखाना घराजवळचा निवडा, प्रत्येकाला विचारून.

दुसरं, एका ईएसआय रुग्णालयात आमच्या वेल्डरला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तीन चकरा झाल्या. एकदा शिक्का राहिला, एकदा रेफरलचा कागद. तेव्हापासून मी ऑफिसचा मुलगा बरोबर पाठवतो. तो रांगेत उभा राहतो, पेशंट बाकावर बसतो. याला खर्च म्हणजे त्या मुलाचा अर्धा दिवस. माझ्या मते मी आजवर दिलेली सर्वांत उपयोगी सवलत हीच.

ग्रुप मेडिक्लेमही घेऊन बघितला. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, ते चांगलं असतं. पण ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांना त्याऐवजी मेडिक्लेम दिला असं चालत नाही. मी तो २१ हजारांच्या वरच्या चौघांसाठी आणि आम्हा घरच्यांसाठी मिळून ठेवलाय.

दुकानदार_पंचवटी

हे सगळं ठीक, पण हातात पडणाऱ्या पैशाचं काय? पंधरा हजारांवर पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे ११३ कापले की १३,०८७ उरतात. माझ्याकडच्या दोन पोरी याच कारणावरून गेल्या. त्यांना आजचं भाडं भरायचंय, अठ्ठावन्नाव्या वर्षीचं कोणाला पडलंय?

कामगाराची_लेक

मला पडलंय, म्हणून लिहिते. माझी आई अकरा वर्षं एका पापड-मसाल्याच्या युनिटमध्ये होती. मालक दर अकरा महिन्यांनी पंधरा दिवस "ब्रेक" द्यायचे आणि नव्याने नाव चढवायचे. आईला वाटायचं सुट्टी मिळाली. गुडघे गेल्यावर काम सुटलं तेव्हा हातात एक साडी आणि नारळ. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. कागदावर ती कधी वर्षभरसुद्धा नोकरीला नव्हती.

मालक वाईट होते असं आई अजूनही म्हणत नाही. जूनमध्ये माझ्या फीसाठी न मागता उचल द्यायचे, हे ती सांगत असते. मला त्या उचलीचा राग येतो. ती आईचीच मजुरी होती, पुढच्या महिन्यात कापून घेतलेली.

दुकानदार दादा, हातात कमी येतं हे खरं. पण त्या १,८०० बरोबर मालकाचेही तेवढेच जातात, हे तुम्ही त्या पोरींना कधी बसून सांगितलंत का?

दुकानदार_पंचवटी

नाही सांगितलं. मान्य.

हिशोबनीस

यात थोडी भर. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, ५५० पीएफमध्ये. म्हणजे पंधरा हजारवाल्या बाईच्या पीएफमध्ये महिन्याला २,३५० जमा, वर व्याज. २०२४-२५ चं ८.२५ टक्के होतं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, त्यामुळे पन्नाशीच्या बाईला पेन्शनची गोडी लावून उपयोग नाही. तिला पीएफसोबत येणाऱ्या विम्याचं सांगा. नोकरीत असताना बरंवाईट झालं तर वारसाला सात लाखांपर्यंत मिळतात आणि त्यासाठी तिच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही.

ताई, तुमचा पीएफचा खर्च प्रशासनाचा आणि त्या विम्याचा आकार धरून १३ टक्के, म्हणजे २५,३५०. ईएसआय मिळून ३१,६८८. तुमच्या २५ हजारांच्या बाहेर जातंय, कल्पना आहे. पण २,४०० किलोवर वाटा. किलोला १३ रुपये २० पैसे, पाव किलोच्या पुडीला तीन रुपये तीस पैसे.

लेथमास्तर

पुडीमागे सव्वातीन रुपये! तेलाचा डबा यापेक्षा जास्त वरखाली होतो, तेव्हा आपण गिऱ्हाइकाला सांगतोच ना.

निवृत्त_कॅशियर

मी बँकेतून निवृत्त, म्हणून एवढंच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देतो, जीवनज्योती ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख. पहिला सत्तरीपर्यंत, दुसऱ्यात पन्नाशीपर्यंतच शिरता येतं. तेरा जणांचे दोन्ही भरलेत तरी वर्षाचे सहा हजार होत नाहीत. अपघाती मृत्यूची किंवा अपंगत्वाची भरपाई ईएसआय कामाशी संबंधित अपघातालाच देतं. बाजारातून येताना रिक्षाने उडवलं आणि तसं काही झालं तर हे कामी येतं.

खोच एकच. मेच्या शेवटच्या आठवड्यात पैसे खात्यातून आपोआप वळते होतात आणि नेमकी तेव्हा या बायकांची खाती रिकामी असतात. शाळा सुरू व्हायची असते ना! काउंटरवर पासबुक घेऊन रडणारी माणसं मी पाहिली आहेत. विमा आहे असं त्यांना वाटत होतं, तो मेअखेरीसच संपलेला. तुम्ही २० मेच्या सुमारास प्रत्येकीच्या खात्यात पाचशे रुपये टाका आणि जूनमध्ये पासबुकावर नोंद बघा.

कामगाराची_लेक

फराळवाली ताई, एक सुचवू? त्यांनाच विचारा. पण सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका, एकही बोलणार नाही.

फराळवाली_नाशिक

सगळ्यांचे आभार. दोन रात्री नीट झोप नाही, पण आभार. विचारून सांगते.

फराळवाली_नाशिक

(अडीच महिन्यांनी) धागा वर काढतेय.

एकेकीला चहाच्या वेळेला बाजूला घेऊन विचारलं. मला वाटलं होतं मेडिक्लेम, मुलांच्या फिया वगैरे मागतील. पाच जणींनी एकच सांगितलं: पगाराची तारीख. मी सातच्या आत द्यायचे, पण कधी तीनला, कधी सातला, मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकले की दहालाही. त्यांचे बचत गटाचे हप्ते पाच तारखेला असतात आणि उशीर झाला की दंड. आता पाच तारीख ठरवली. एकही पैसा लागला नाही. सात वर्षांत मला हे कळलं नव्हतं याची लाज वाटली.

दुसरी मागणी, पोर आजारी असताना केलेला खाडा कापू नये. वर्षाला अशा सहा रजा दिल्या, चिठ्ठी नको, फोन पुरे. चार पुरुषांनाही दिल्या. त्यांतल्या एकानेच सर्वांत आधी वापरली.

नेमणूक पत्रंही दिली. नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे (कोड) लागू झालेत, त्यात ती सगळ्यांना द्यावीच लागतात असं सल्लागारांनी सांगितलं. दोघींनी ती देव्हाऱ्यात ठेवली म्हणे.

ईएसआयच्या नोंदणीला तीन आठवडे गेले, सगळे नावांत. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच. एकीची जन्मतारीख अशी की ती तिच्या थोरल्या मुलापेक्षा नऊ वर्षांनीच मोठी. आधार केंद्राच्या रांगेत मी स्वतः दोन दिवस उभी होते. दवाखाने मात्र घराजवळचेच निवडले, लेथमास्तर. पीएफही सुरू केला, आणि हातात एकदम १,९०० कमी पडू नयेत म्हणून निम्मी कपात पगारवाढीने भरून काढली. पुडी पाच रुपयांनी महागली. दोन दुकानदार कुरकुरले, माल उचलताहेत.

मावशींकडे चेक घेऊन धागा सुरू झाला त्याच आठवड्यात गेले होते. त्यांना वाटलं परत बोलवायला आलेय, आधी दारातच उभ्या राहिल्या. चेक बघून म्हणाल्या, "हे कशाचे? मी तर काम सोडलं." सांगितल्यावर आत जाऊन चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. परत आलेल्या नाहीत, येणारही नाहीत, आणि नवीन बाईचा घाणा अजून अधूनमधून कडक होतोय.

आज कार्डं प्रिंट काढून, लॅमिनेट करून वाटली. एकीने विचारलं, "यात माझ्या आईचं नाव घालता येईल का? ती माझ्याकडेच असते." मी हो म्हणून बसलेय. हिशोबनीस, येतं ना?

हिशोबनीस

येतं, आई तिच्यावर अवलंबून असेल आणि तिचं स्वतःचं उत्पन्न मर्यादेत असेल तर. आईचं आधार आणि फोटो पाठवा. आणि आधारवरची जन्मतारीख आधी बघून घ्या.