मदत हवी आहे : ६१ हजार फोटो, चुकीच्या तारखा आणि आईच्या आठवणीतली नावं

नमस्कार मंडळी, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सुचवता येणार नाही म्हणून लिहिते.

बाबांना फोटोंचा भारी नाद. २००४ ला पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासून ते २०२२ ला गेले तोवर घरातलं, भावकीतलं एकही कार्य त्यांनी सोडलं नाही. आता माझ्याकडे दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ३१ डीव्हीडी, त्यांचा जुना लॅपटॉप आणि चपलांच्या खोक्यात भरलेली मेमरी कार्डं आहेत (कार्ड भरलं की ते नवीन आणायचे, जुनं कधी पुसलं नाही). डीव्हीडी सोडून बाकी सगळं एका ४ टीबीच्या डिस्कवर उतरवलं तर ६१ हजारांच्या वर फाइली निघाल्या. त्यातला निदान तिसरा हिस्सा डबल असणार कारण 'बॅकअप', 'बॅकअप नवीन', 'बॅकअप शेवटचा' असे फोल्डर एकात एक आहेत.

तारखांचं तर विचारू नका. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की घड्याळ मागे जायचं आणि बाबा ते लावायला विसरायचे. मखरात गणपती, पुढे दूर्वा, मोदकाचं ताट, काकाच्या हातात झांजा आणि फोटोची तारीख काय तर १ जानेवारी २००४. व्हॉट्सॅपवरून आलेल्यांना मूळ तारीखच नाही, आणि जुने अल्बम स्कॅन केले ते १९७८ चे असोत की ९१ चे, सगळे स्कॅन केल्याच्या दिवशीचे दाखवतात.

पण मला खरी घाई आहे ती नावांची. आई ७८ वर्षांची आहे. जुन्या फोटोतली माणसं आता फक्त तीच ओळखते, तीसुद्धा चेहऱ्यापेक्षा साडीवरून. वाईला ढोल्या गणपतीसमोर काढलेला सात बायकांचा एक फोटो आहे. सहा नावं तिने घडाघडा सांगितली, सातवी काही केल्या आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता थांबली आणि म्हणाली, "अगं ती धाकट्या वन्संची जाऊ, पाचगणीला दिलेली." मी धावत जाऊन वहीत लिहिलं.

आणि इथेच घोटाळा झाला. मी वहीत फोटोचा नंबर टाकून पुढे नावं लिहीत होते, चाळीस पानं झाली, मग लक्षात आलं की कॅमेऱ्याचे नंबर ९९९९ झाले की परत ०००१ पासून सुरू होतात. माझ्याकडे ०४२३ नावाचे तीन वेगवेगळे फोटो आहेत! बाबांनी पूर्वी एका प्रोग्रॅममध्ये अशीच नावं भरली होती, लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि ती सगळी गेली. ते परत व्हायला नको.

तर नावं कुठे लिहू म्हणजे ती टिकतील? फोल्डर वर्षाप्रमाणे की कार्याप्रमाणे? आणि आधी काय करू, तारखा, डबल फोटो की नावं?

प्रतिसाद १
ताई, आधी त्या डिस्कची अख्खी कॉपी करून बाजूला ठेवा आणि काहीही डिलीट करू नका. डीव्हीडी पण लवकर उतरवून घ्या, घरी राइट केलेल्या डिस्क काही वर्षांनी वाचता येईनाशा होतात.

मग डिजीकॅम (digiKam) हा फोटो लावून ठेवायचा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे, विंडोजवर चालतो. सेटिंगमध्ये मेटाडेटात (म्हणजे फोटोबद्दलच्या माहितीत) जाऊन नावं, चेहरे फोटोच्या फाइलमध्येच लिहायचा पर्याय चालू करा. म्हणजे नाव प्रोग्रॅममध्ये न राहता फोटोसोबत फिरतं, उद्या फाइलचं नाव बदला नाहीतर कॉम्प्युटर बदला. मराठीत लिहिलं तरी चालतं.

क्रम मात्र महत्त्वाचा. तंतोतंत डबल असलेल्या फाइली नावं भरायच्या आधी काढा, त्यासाठी चकावका (Czkawka) किंवा ड्यूपगुरू (dupeGuru) हे प्रोग्रॅम वापरा, कारण एका कॉपीत नाव लिहिलं की ती फाइल बदलते आणि मग दोन्ही सारख्या म्हणून सापडत नाहीत. ते झालं की सरळ आईंबरोबर नावांना बसा, तारखा नंतर.

तारखा एकेक सुधारत बसू नका. घड्याळ चुकलं तरी चालू असतं, म्हणजे परत रीसेट होईपर्यंत फरक तोच राहतो. त्या गठ्ठ्यातला एक फोटो पक्का करा, समजा तो गणपती २००६ चा असेल तर त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्यावरून फरक काढा आणि सगळ्या गठ्ठ्याला एकदम लावा, डिजीकॅममध्ये सोय आहे. व्हॉट्सॅपच्या फाइलच्या नावातच आठ आकडी तारीख असते, पण ती आल्याची, काढल्याची नाही.

फोल्डर मी वर्षाचे करतो, आत महिना आणि कार्य.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर. एवढंच सांगेन की आई बोलतात तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मी वडिलांकडून फक्त नावं लिहून घेतली, ती पाचगणीची जाऊ कशी आठवली असले किस्से राहून गेले. आणि तिसरी कॉपी दुसऱ्या गावी ठेवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. डबलवालं लावलंय, रात्रभर चालेल असं दिसतंय. आणि चतुर्थीचं वाचून आईला विचारलं तर तिने माळ्यावरून जुनी कालनिर्णय काढायला लावली, १९९४ पासूनची जपून ठेवलीयत, त्यावर दुधाच्या हिशोबाशेजारी बारसं, मुंज, साखरपुडा सगळं तारखेच्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तिसरी कॉपी नागपूरला भावाकडे पाठवते. रविवारी आई आणि मी बसतोय, रेकॉर्डिंग लावूनच.

ते अंदाजे वर्षवाल्या स्कॅनचं मात्र राहिलं, १९८१ च्या आसपासचा असेल तर तारीख काय टाकता तुम्ही?