पीएमई आपण सवयीने वापरतो का? एफएमएम शिकवायला नको?

पाषाणकर
पुण्यात रेणूंची सिम्युलेशन करणाऱ्या कुणालाही विचारा, लांब पल्ल्याची विद्युतबलं कशी काढता? उत्तर ठरलेलं: पीएमई, म्हणजे पार्टिकल मेश एवाल्ड. का? ‘ट्युटोरियलच्या फाइलमध्ये तेच होतं.’ पद्धत 1993 ची, मूळ कल्पना एवाल्डची, 1921 मधली. कुलॉम्ब बलाचे दोन भाग करायचे. जवळचा कटऑफपर्यंत, म्हणजे ठरवलेल्या अंतरापर्यंत, थेट मोजायचा, दूरचा गुळगुळीत भाग ग्रिडवर पसरून फूरिये रूपांतराने काढायचा.

माझा आक्षेप त्या रूपांतराला आहे. नोड (महासंगणकातली एकेक यंत्रं) वाढवले की प्रत्येक प्रोसेसरला बाकी सगळ्यांशी डेटाची देवाणघेवाण करावी लागते आणि गणितापेक्षा निरोप पोचवण्यातच वेळ जातो. ग्रीनगार्ड आणि रोख्लिन यांची फास्ट मल्टिपोल पद्धत, म्हणजे एफएमएम, 1987 पासून आहे. दूरच्या प्रभारांचा एक गठ्ठा करून ती एकदाच हिशेब करते. खर्च अणूंच्या संख्येच्या सरळ प्रमाणात, शिवाय पेटी आवर्ती, म्हणजे चहूबाजूंनी स्वतःच्याच प्रतींनी वेढलेली, असलीच पाहिजे असंही नाही. आपल्याकडे हे कोणी शिकवतच नाही.

रांगेतला_जॉब
सरळ प्रमाण कागदावर छान दिसतं हो. आकडे मांडून बघा. 10 नॅनोमीटरची पाण्याची पेटी म्हणजे साधारण 1 लाख अणू. सगळ्या जोड्या धरल्या तर 500 कोटी. 1.2 नॅनोमीटरच्या कटऑफमध्ये त्यातल्या साडेतीन कोटींच्या आसपास उरतात. बाकीचं काम 84 × 84 × 84 च्या ग्रिडवर, म्हणजे सहा लाखांच्या आत बिंदू. आजचं एक जीपीयू ते रूपांतर चुटकीसरशी करतं. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये 2018 च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. तुमच्या एफएमएमच्या खर्चात जो स्थिरांक दडलाय, तो या आकाराला पीएमईच्या खर्चातल्या जास्तीच्या ‘लॉग’ला (N log N मधल्या) सहज भारी पडतो.

आणखी एक. एफएमएममध्ये अणू एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला की बल किंचित उडी मारतं. विस्ताराची पुरेशी पदं घेतली नाहीत तर ऊर्जा हळूहळू सरकत जाते. आयसरच्या परम ब्रह्म महासंगणकावर असो की लॅबमधल्या डब्यावर, एका जॉबला शेकडो नोड लावणारे आपल्यात कितीजण आहेत?

काटकसर
दोघांनीही मांडव मोठाच घातलाय. पाणी प्रभार झाकतं, डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80 च्या घरात. कटऑफपलीकडे सलग माध्यम धरा, रिअ‍ॅक्शन फील्ड लावा, विषय संपला. ग्रिडही नको आणि गठ्ठेही नकोत.

लिपिडवाली
@काटकसर, झाकतं कोण? सिम्युलेशनमधलेच पाण्याचे रेणू, आणि तेही याच बलांनी वळून! निर्वातात 1.2 नॅनोमीटरवरच्या दोन एकक प्रभारांची ऊर्जा सुमारे 116 किलोज्यूल प्रति मोल भरते. खोलीच्या तापमानाला केटी, म्हणजे उष्णतेची ऊर्जा, असते 2.5. ती तिथे सरळ कापली तर काय होतं ते डीपीपीसी या लिपिडच्या पटलावर (पेशीच्या आवरणासारख्या थरावर) 2003 मध्ये दाखवून झालंय: प्रत्येक लिपिडच्या वाट्याचं क्षेत्रफळच बदललं. 2005 मध्ये तर 1.8 नॅनोमीटरच्या कटऑफने साध्या पाण्यात थर पडलेले दिसले. म्हणजे कटऑफ लांबवला की सुटलो, असंही नाही.

काटकसर
ते नुसत्या कटऑफचं झालं, रिअ‍ॅक्शन फील्डचं नव्हे.

लिपिडवाली
मान्य. पण पटलाच्या दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये तेलकट थर. मग ‘सलग माध्यम’ नक्की कुठलं धरणार?

पाषाणकर
पटलावरूनच सांगतो. पेटीत प्रभाराची बेरीज शून्य नसेल तर पीएमई सगळीकडे सारखी विरुद्ध पार्श्वभूमी पसरतं. तेलात आणि पाण्यात एकसारखी! त्याने आयनांची वाटणी बिघडते. प्रोग्राम चेतावणी देतो, पण आपले लोक ‘मॅक्सवॉर्न’, म्हणजे चालवून घ्यायच्या चेतावण्यांची मर्यादा, वाढवून मोकळे.

रांगेतला_जॉब
यात पीएमईचा काय दोष? बेरीज शून्य करणारे विरुद्ध प्रभाराचे प्रतिआयन टाका. सपाट थर असेल तर वर मोकळी जागा सोडून 1999 ची ये-बर्कोविट्झ दुरुस्ती लावा. चेतावणी दाबणारा एफएमएममध्येही काहीतरी दाबेलच.

बरं, गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने 2020 मध्ये ग्रोमॅक्ससाठी जीपीयूवरचं एफएमएम दिलंय. नेहमीच्या भरगच्च पेटीत तिथेही पीएमईच पुढे राहिलं. एफएमएम जिंकलं ते विखुरलेल्या थेंबांच्या एरोसोलसारख्या ठिकाणी.

पाषाणकर
तेच तर! आमच्याकडे एकजण थेंबच करतोय. पेटी बहुतांश रिकामी, ग्रिड मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरायचं. त्याला मी पीएमई कुठल्या तोंडाने सुचवू?

रांगेतला_जॉब
त्याला नका सुचवू. बाकीच्यांना सुचवा.